केंटकीची गाडी, ओहायोचा नंबर

२ मार्च, शनिवार
आजपासून रोज लिहिणार. वही आईची आहे, पुढच्या पानांवर तिच्या डाएटचं काहीतरी होतं, ती पानं फाडली. तिचं डाएट तसंही संपलं होतं.

गाडी घेतली. साधी नाही. व्हर्लिन टॅकेट नावाच्या म्हाताऱ्याने स्वतः बनवलेली. जुन्या फोक्सवॅगनची बॉडी काढून टाकली, खालच्या सांगाड्यावर खोक्यांतून मागवलेली फायबरची बॉडी बसवली, अकरा वर्षं लागली. पिवळीजर्द. दारं नाहीतच, टांग टाकून आत बसायचं. इथे ओहायोत असली गाडी कुणाकडे नाही, म्हणून तर केंटकीपर्यंत जावं लागलं.

म्हातारा कोळशाच्या खाणीतला. फुप्फुसं गेलीत, नाकात ऑक्सिजनची नळी. आमच्या आधी दोन गिऱ्हाईकं येऊन गेली म्हणे. एकाने विचारलं पुढे विकताना किती येतील, त्याला हाकलला. दुसऱ्याने रंग बदलता येईल का विचारलं, त्याला पण हाकलला. मी फक्त आत बसलो आणि हॉर्न वाजवला. कोंबड्या छपरावर गेल्या. मग शाळेत मी प्रिन्सिपलची गाडी चौघांना घेऊन उचलून जिमच्या आत नेऊन ठेवली होती ती गोष्ट सांगितली. म्हातारा इतका हसला की नळी निसटली आणि त्याची मुलगी आर्लीन धावत आली, मला म्हणाली, ह्यांना मारायला आलायस का गाडी घ्यायला.

अट एकच. नंबरप्लेट लागली की पहिली फेरी त्याची. डॉक्टरने लायसन काढून घेतलंय, त्यामुळे स्वतः बनवलेली गाडी त्याने अंगणाबाहेर कधी नेलीच नाही. मी म्हटलं, महिन्याच्या आत येतो. तो म्हणाला, पोरा, माझ्याकडे महिने मोजकेच आहेत, जरा बघून दे. मी म्हटलं, दोन आठवडे.

बँकेतल्या बाईसमोर टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, त्याने सही केली, तिने शिक्का मारला. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली, सगळे तसंच करतात. म्हातारा म्हणाला, घरी जाऊन टेबलावर बसून काळ्या पेनाने लिही. ह्या कागदासाठी मी कोर्टात दोन दिवस उभा होतो, गाडीला पोचा आला तर चालेल, ह्याला नको.

गाडी किपच्या मामाच्या ट्रेलरवर घातली. किप माझा दोस्त, अक्कल बेताची, पण मामाकडे ट्रेलर आहे. वाटेत बर्गर खायला थांबलो. तिथेच नाव लिहून टाकलं. आधी गंमत म्हणून लिहिलं ‘हिज हायनेस ड्यूक डस्टी पहिला’. किपच्या नाकातून सोडा आला. मग त्यावर एकच सरळ रेघ मारली आणि वर नीट लिहिलं, डस्टिन क्रॅबट्री. छान दिसतंय. पट्टी वापरली.

४ मार्च
आईने गाडी बघितली. म्हणाली, हे चालतं की ह्यात पोहतात?
जळतात लोक.

१२ मार्च
घरी जुळवलेली गाडी म्हणून आधी हायवे पोलिसांकडे तपासणी. त्यांचा माणूस गंभीर. म्हाताऱ्याने बुटांच्या खोक्यात प्रत्येक भागाची पावती ठेवली होती, तारखेने लावून, प्रत्येकीच्या मागे त्या दिवशीचं हवामान लिहून. इन्स्पेक्टर पावत्या बघायचा सोडून हवामानच वाचत बसला. म्हणाला, ह्या माणसाने विंडशील्ड बर्फात बसवली. मग चासी नंबर पाहिजे म्हणाला. तो मागच्या सीटखाली असतो आणि त्यावर म्हाताऱ्याने गालिचा चिकटवलेला. कापावा लागला. नंबर जुळला. पास.
इन्स्पेक्टरने विचारलं, जरा बसून बघू का. बसला. हॉर्न वाजवला. गंभीरपणा गेला.
दोन आठवड्यांचा शब्द दिला होता, दहा दिवसांत काम होणार. लोक उगाच घाबरतात सरकारी कामाला.

१४ मार्च
टायटल ऑफिस. काचेमागे मिसेस ओक्स, चष्म्याला साखळी. कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. विचारलं, हा ड्यूक कोण.
मी म्हटलं, मीच, पण आता नाही.
ती हसली नाही. म्हणाली, खाडाखोड केलेलं टायटल बाद असतं. रेघ, खोडरबर, काही चालत नाही. विकणाऱ्याने केंटकीत दुय्यम प्रत काढायची, त्यावर पुन्हा सही करायची, मग ये.
मी म्हटलं, एकच रेघ आहे, ती पण पट्टीने. ती म्हणाली, ते दिसतंय मला, नेक्स्ट.
ठीक आहे. उद्या सकाळी आठला म्हाताऱ्याला फोन.

१५ मार्च
आठला तो नाश्ता करत असेल. दुपारी करतो.
दुपारी वामकुक्षी असेल. आजारी माणूस आहे, विचार करायला पाहिजे.

१८ मार्च
नीट विचार केला. म्हाताऱ्याला सांगणं म्हणजे त्याला त्रास. दोन दिवस कोर्टात उभा होता त्या कागदासाठी. नळी लावून पुन्हा कुठे उभा राहणार. त्यापेक्षा मी इथेच सोडवतो. हा भित्रेपणा नाही, ही माणुसकी आहे.

२२ मार्च
पांढरी शाई लावून बघितली. ड्यूक गेला, पण त्याच्याबरोबर म्हाताऱ्याच्या सहीचा शेवटचा टी पण अर्धा गेला. तो मी परत काढला. किप म्हणाला, तुझा टी त्याच्या टीसारखा दिसत नाही, खुरप्यासारखा दिसतो.
मग खरवडलं. भोक पडलं. छोटं आहे.

२९ मार्च
शेजारच्या काउंटीच्या ऑफिसात गेलो, तिथे मला कोण ओळखतं. तिथल्या बाईने कागद उजेडाकडे धरला. भोकातून तिचा डोळा दिसत होता. म्हणाली, आमच्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावापुढे मिसेस ओक्सची नोंद आहे.
काय लिहिलंय विचारलं. सांगितलं नाही.

३ एप्रिल
म्हाताऱ्याचाच फोन आला. मी टायरच्या दुकानात कामावर होतो, बेसावध. विचारलं, काय पोरा, लागली का प्लेट. मी म्हणणार होतो की थोडा प्रॉब्लेम झालाय. तोंडातून निघालं, लागली.
पलीकडे ऑक्सिजनचा फुसफुसाट. मग ओरडून आर्लीनला सांगितलं, अगं, लागली प्लेट. ती लांबून काहीतरी म्हणाली. मग मला म्हणाला, शाब्बास रे वाघा, मला वाटलं ते काचेमागचे लोक तुला नाचवतील. कितवा नंबर मिळाला. मी समोरच्या टायरवरचे आकडे वाचून दाखवले. त्याने लिहून घेतले.
फोटो पाठव म्हणाला. आर्लीनच्या फोनवर.
आता हे तात्पुरतं आहे. प्लेट लागणारच आहे, तर लागली म्हटलं तर खोटं फक्त तारखेचं आहे.

४ एप्रिल
किपने पुठ्ठ्याची प्लेट बनवली. लबाड आहे पण हात चांगला आहे. वर ओहायो, खाली टायरचे आकडे. जरा लांबून फोटो काढला, ऊन पडलेलं असताना. पाठवला.
आर्लीनचं उत्तर: बाबांनी प्रिंट काढायला लावलंय, फ्रिजवर चिकटवतायत. पास्टरना दाखवणार आहेत.
आजवरची माझी सर्वांत यशस्वी गंमत. नीट झोप लागली नाही, पिझ्झा जड होता.

१९ एप्रिल
आता गोची अशी की दुय्यम टायटल मागायचं तर कुठल्या तोंडाने. ज्या गाडीला नंबर मिळालाय तिला नवीन कागद कशाला? त्यामुळे आता म्हाताऱ्याला विचारणं शक्यच नाही. एका अर्थाने बरं झालं, तो प्रश्न तरी मिटला.
इंटरनेटवर एक वकील आहे, तो कुठल्याही गाडीचं टायटल मिळवून देतो म्हणे. मेल केली. त्याने उत्तरात स्वतःची बोट विकत घेतोस का विचारलं.

२४ एप्रिल
म्हाताऱ्याचा फोन. कधी येतोस. म्हटलं, पाऊस आहे आणि गाडीला छप्पर नाही.
म्हणाला, अकरा वर्षं बनवली पोरा, मला माहितीये छप्पर नाही.

३० एप्रिल
फोन. म्हटलं, मालक सुट्टी देत नाही. म्हाताऱ्याने मालकाचा नंबर मागितला, समजावतो म्हणे त्याला, आम्ही खाणीत संप केलेली माणसं. नंबर चुकीचा दिला.
आता बोलताना मध्ये थांबतो. वाक्य अर्धं झालं की दम घेतो, मग उरलेलं. मी तेवढ्यात विषय बदलायला शिकलोय.

७ मे
आज फोनवर आधी आर्लीन बोलली, मग म्हाताऱ्याला दिला. डेकोरेशन डे येतोय. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याकडे डोंगरावरच्या कबरस्तानात सगळं खानदान जमतं, कबरींवर फुलं वाहतात, टेबलं मांडून जेवतात. म्हाताऱ्याला तिथे माझ्या गाडीतून जायचंय. म्हणजे त्याच्या. मागची चार वर्षं भाच्याच्या पिकअपमध्ये पोत्यासारखा घालून नेतात त्याला. आणि तिथे त्याचा खाणीतला जुना फोरमन पण येतो, त्याने म्हणे गाडी बनवताना अंगणात उभं राहून सांगितलं होतं, व्हर्लिन, हे रस्त्यावर जायच्या आधी तू वर जाशील. त्याच्या टेबलाजवळून हळू चालव, एवढंच मागतो, बाकी काही नको. मध्ये दोनदा दम घेतला.
मी म्हटलं, सहा वाजता दारात हजर.
आणि जाणारच. ह्या वेळी नक्की. एकोणीस दिवस आहेत, टायटल म्हणजे काय डोंगर उचलायचाय?

२१ मे
मिसेस ओक्सकडे पुन्हा गेलो. डोनट नेले. डोनट ठेवून घेतले. म्हणाली, बाळा, तुला माझी नाही, केंटकीतल्या त्या माणसाची गरज आहे, त्याला एक फोन कर. पहिल्यांदाच माणसासारखी बोलली. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.
फोन करतो. आज नाही, आज मंगळवार, मंगळवारी त्याचा डॉक्टर असतो.

२५ मे, शनिवार
निर्णय. पुठ्ठ्याच्या प्लेटवरच जाणार. पहाटे निघायचं, आडरस्ते धरायचे. गाडी धुतली. टाकी भरली. शर्ट इस्त्री केला, आईने ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

२६ मे, रविवार
साडेतीनला उठलो. निघालो. दव पडल्याने पुठ्ठा ओला होऊन ओहायोचा शेवटचा ओ ओघळला. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर पोलिसांची गाडी. आत कुणी होतं की नव्हतं बघितलं नाही. मागे फिरलो. पावणेपाचला घरी. गॅरेजचं दार लावलं.
तब्येत बरी वाटत नव्हती. अशा अवस्थेत आजारी माणसाला गाडीत बसवणं बेजबाबदारपणा झाला असता.

सहा वाजून पाच मिनिटांनी फोन. कुठे आहेस. म्हटलं, क्लचची केबल तुटली, रस्त्यात अडकलोय. आता हे ऐकून कुणीही म्हणेल अरेरे, पुढच्या वेळी. म्हातारा म्हणाला, जागेवरून हलू नकोस. स्पेअर केबल आहे माझ्याकडे, दोन आणल्या होत्या. कुठल्या रस्त्याला आहेस नीट सांग.
मी पलंगावर होतो. सुचेल तो रस्ता सांगितला.
भाचा पिकअप घेऊन निघाला. साडेआठला भाच्याचा फोन, पुलापर्यंत आलो, तू दिसत नाहीस. म्हटलं, थोडा पुढे. साडेनऊला पुन्हा, पेट्रोल पंपावर विचारलं, पिवळी गाडी कुणी बघितली नाही. म्हटलं, केबल मीच जोडली, पण गाडी गरम होत होती, घरी परत आलो. तो म्हणाला, मामा पाच वाजल्यापासून पोर्चवर कोट घालून बसलाय, पिकअपमध्ये बसायला तयार नव्हता, आता मला त्याला सांगायचंय.
फोन ठेवला त्याने. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आर्लीनला मेसेज केला, सॉरी, केबल. तिने लिहिलं, बाबा म्हणतात काळजी करू नकोस, ती केबल पहिल्यापासूनच वाईट होती, चूक माझी आहे, मी तेव्हाच बदलायला हवी होती.

२८ मे
खाली जाऊन क्लचची केबल बघितली. एकदम उत्तम आहे.

२ जून
म्हाताऱ्याचा फोन नाही. रागावला असणार. रागावलेल्या माणसाला वेळ द्यावा.
पक्कं ठरलंय: सोमवारी सगळं खरं सांगायचं. ड्यूक, भोक, पुठ्ठा, पलंग, सगळं. तो हसेल. असल्या गोष्टीला तोच हसू शकतो.

३ जून
दुकानात गर्दी.

६ जून
कसं सांगायचं त्याची प्रॅक्टिस किपसमोर केली. किप म्हणाला, मला नको सांगू, मला माहितीये, त्याला सांग.

१२ जून
आर्लीनचा फोन दहा वाजता आला. घाईत होतो तरी उचलला, म्हटलं बरं झालं, आज सांगूनच टाकतो. मी सुरुवात पण केली. म्हटलं, त्या प्लेटचं असं आहे.
ती म्हणाली, डस्टी, बाबा काल गेले.

१५ जून, शनिवार
आईच्या व्हॅनमधून अंत्यविधीला गेलो. आईच चालवत होती. शर्ट तोच, इस्त्रीचा.

फ्रिजवर फोटो होता. चार मॅग्नेट लावून. लांबून काढला होता तरी ओळखू येतं, नंबरमधला सात उलटा झालाय. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं. मी तिथेच ठरवलं की म्हाताऱ्याच्या आलं होतं. असला माणूस फसणार नाही, तोच मला खेळवत होता दोन महिने. हे पटत आलं होतं तेवढ्यात पास्टर आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, तू तो मुलगा, व्हर्लिन प्रत्येक रविवारी प्रार्थनेत आभार मानायचा, गाडी रस्त्यावर आली म्हणून.
आईने माझ्याकडे बघितलं. तिला माहितीये गाडी गॅरेजात आहे.

फोरमन पण आला होता. छोटासा म्हातारा, त्याच्या पण नाकात नळी. मला म्हणाला, व्हर्लिनने मला फोटो दाखवून दाखवून जीव खाल्ला, मीच हरलो. मी तर समजत होतो फोरमन राक्षस असेल.

सगळे गेल्यावर आर्लीनला अंगणात सांगितलं. जिथे गाडी उभी असायची तिथे, गवत अजून पिवळं आहे. पूर्ण सांगितलं, पलंगासकट. ती रडली नाही की ओरडली नाही. बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. मग म्हणाली, टायटल आणलंयस?
व्हॅनमध्ये होतं. दिलं. भोकाजवळ तिने बोट ठेवलं, त्या खुरप्यासारख्या टीजवळ. मग वरची ओळ दाखवली. म्हणाली, हे वाचलं होतंस कधी? मालकांच्या जागी दोन नावं होती. व्हर्लिन टॅकेट, आणि खाली आर्लीन टॅकेट. दोघांतल्या कुणाही एकाची सही चालते.
म्हणाली, मला एक मेसेज करायचास. बाबांना कळलं पण नसतं.

१७ जून, सोमवार
आई घरी परतली होती, मी तिकडेच राहिलो. व्हर्लिनच्या खोलीत झोपायला सांगत होते, सोफ्यावर झोपलो. सकाळी आर्लीनबरोबर त्यांच्या काउंटीच्या ऑफिसात. एक फॉर्म, एक सही, एक शिक्का. पोस्टाने येणार होतं, पण तिथल्या बाईने लगेच छापून दिलं, व्हर्लिनची ओळख म्हणून. घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.
ती बाई आर्लीनला म्हणाली, व्हर्लिनला यायला जमलं नसतं तर मी पोर्चवर नेलं असतं गं कागद, रोज तिथूनच जाते मी.
आर्लीनने सही केली, मग पेन माझ्याकडे सरकवलं आणि मी नाव लिहीपर्यंत कागदावरून नजर हलवली नाही. मी लिहिलं. डस्टिन क्रॅबट्री. एकदाच.
बसस्टॉपवर सोडलं तिने. उतरताना म्हटलं, गाडी घेऊन येतो, तुला फिरवतो. ती म्हणाली, नको रे.

२७ जून
मिसेस ओक्सने सगळे कागद उलटून बघितले, शिक्का मारला. म्हणाली, अभिनंदन, ड्यूक. ह्या वेळी हसली. मला हसता आलं नाही.
प्लेट घेतली. पत्र्याची, थंड. घरी येऊन चार स्क्रूने लावली. पुठ्ठा काढला तो भिजून तिथेच चिकटला होता, नखाने खरवडावा लागला.

मग फोन हातात घेतला, कुणाला तरी सांगावं म्हणून. आईला सांगायला तोंड नाही. किप म्हणेल, बरं. टायरच्या दुकानात सगळ्यांना मी एप्रिलमध्येच सांगून ठेवलंय की लागली. आणि ज्याला सांगायला पाहिजे त्याला पण तीन एप्रिललाच सांगितलंय, दुकानात उभं राहून, टायरवरचे आकडे वाचून. तो खूष झाला होता. शाब्बास पण म्हणाला होता.
त्यामुळे आज काही सांगण्यासारखं नाही.